कोणी आलं की वही झाकून ठेवते

निळी शाई

वय ४४. पदवी एका विषयात, नोकरी भलत्याच विषयात. गेल्या वर्षापासून गणित पहिल्यापासून शिकतेय. पहिल्यापासून म्हणजे अगदी अपूर्णांकांपासून. आता इंटिग्रेशनला पोचलेय. दूरशिक्षणातून गणिताची पदवी घ्यायची, तीन वर्षांत, असं ठरवलंय. पुढे त्याचं काय करणार, हे खरंच माहीत नाही. शाळेत असताना हा विषय हातातून निसटला होता आणि तो सल कधी गेला नाही, एवढंच कारण.

मागच्या रविवारी घरी सगळे जमले होते. वही टेबलावर उघडी राहिली. धाकट्या दिरांनी एका बोटाने पान उलटलं आणि विचारलं, "पोरीची का?" माझी आहे म्हटल्यावर हसले. कुजकं नव्हे, साधंच हसले. मग सगळेच हसले, त्यांच्यात मीही. सासूबाई म्हणाल्या, "मन रमवायला काहीतरी हवंच की." नणंद म्हणाली, "वहिनी, तुझी हौस दांडगी हं." संध्याकाळी आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "उगाच दगदग करून घेऊ नकोस, त्यांच्याकडे दुर्लक्ष कर."

यातलं कुठलंही वाक्य घेऊन भांडता येत नाही, हीच तर पंचाईत आहे. कोणी वाईट बोललेलंच नाही! पण पहाटे साडेपाच ते सात ही माझी अभ्यासाची वेळ, आणि त्या रविवारनंतर तीन पहाटे मी उठून दिवा लावून नुसती बसून राहिले. दारावरची बेल वाजली की आता हात आपोआप वही पालथी घालतो.

तर प्रश्न असा: दुर्लक्ष करायचं म्हणजे नेमकं काय करायचं? त्याची कृती कोणी सांगेल का?

उशिरा_उठणारा

पहाटे साडेपाच! तुमच्या दिरांचं सोडा, मीच खचलो.

(हलके घ्या. वाचतोय.)

वाटाड्या

ताई, लोक बोलतातच. हत्ती चालत राहतो, कुत्री भुंकत राहतात. कानात बोळे घाला आणि ध्येयाकडे बघत चला. पुढील लेखनास शुभेच्छा.

निळी शाई

@वाटाड्या, आभार. पण सासूबाईंना नि आईला त्या म्हणीत कुठे बसवू?

दुसरी पाळी

हेच लिहायला आले होते. त्या म्हणीत बोलणारा परका असतो. परक्याच्या बोलण्याने फारतर एक संध्याकाळ खराब होते. पण आपली आजारपणं ज्यांनी काढली त्यांनी "कशाला?" विचारलं की ते सरळ आत जातं, कारण एरवी त्यांचं ऐकायची सवय असते, आणि बहुतेक वेळा ते ऐकून भलंच झालेलं असतं.

मी चाळिशीत नोकरी बदलली तेव्हा माझा भाऊ सहा महिने रोज एकच प्रश्न विचारायचा, "जमतंय ना?" काळजीनेच विचारायचा. पण रोज विचारल्यावर मला वाटायला लागलं की न जमण्याची शक्यता ज्याअर्थी याला रोज दिसते त्याअर्थी ती असणारच. शेवटी त्याला सांगितलं की हा प्रश्न महिन्यातून एकदाच विचार, पहिल्या तारखेला, मी खरं उत्तर देईन. त्याने पाळलं. दुर्लक्ष करायची माझी "कृती" एवढीच: माणूस तोच, प्रश्नही तोच, फक्त त्याला वेळ नेमून दिली.

अक्कलखाते

थोडं पुस्तकी लिहितो, सांभाळून घ्या.

सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाचे १९५०च्या दशकातले प्रयोग बऱ्याच जणांना माहीत असतील. एका खोलीत सात-आठ माणसं. समोर एक रेघ, शेजारी तीन रेघा, यातली कुठली त्या पहिलीएवढी? लहान मूलही सांगेल इतकं उघड उत्तर. पण त्या खोलीतला एकच माणूस खरा पाहुणा. बाकीचे सगळे आधी ठरवून एकसुरात चुकीचं उत्तर देणारे. अशा वेळी त्या बिचाऱ्याने साधारण ३७ टक्के वेळा डोळ्यांदेखत चूक असलेलं उत्तर दिलं. एकट्याने उत्तर लिहायला दिलं की हेच लोक जवळजवळ चुकत नसत.

इथवर सगळेच सांगतात. मला महत्त्वाचा वाटतो तो याचा पुढचा भाग, जो सहसा कोणी सांगत नाही. त्याच खोलीत बरोबर उत्तर देणारा फक्त एक माणूस बसवला, तर चुका साधारण पावपट झाल्या. बहुमत तसंच होतं, तितक्याच ठामपणे चुकत होतं. फरक एका माणसाचा.

म्हणून धागाकर्तीला माझा सल्ला: घरातल्या सगळ्यांना पटवायच्या भानगडीत पडू नका. एक माणूस शोधा. त्याने तुमचं कौतुक केलं पाहिजे असंही नाही. रेघ त्याला तुमच्यासारखीच दिसते, एवढं पुरे.

त्रिज्या

मी गणित शिकवते, २३ वर्षं झाली. प्रौढ विद्यार्थीही येतात. त्यांच्याबद्दल एक निरीक्षण: ते सोडून जातात तेव्हा गणित अवघड गेलं म्हणून क्वचितच जातात. एखादं उदाहरण दोन दिवस अडतं, आणि नेमकी त्याच दोन दिवसांत कोणाची तरी जुनी टिप्पणी आठवते. मग अडलेलं उदाहरण हा पुरावा वाटू लागतो. सोळा वर्षांच्या मुलाचंही तेच उदाहरण दोन दिवस अडतं. पण त्याला त्यातून स्वतःच्या वयाबद्दल काही निष्कर्ष काढायचा नसतो. तो फक्त वैतागतो आणि मित्राला विचारतो.

निळी शाई, अडलं की इथेच टाका. मी बघते.

निळी शाई

त्रिज्याताई, "अडलेलं उदाहरण पुरावा वाटतं" हे वाचून दोन मिनिटं गप्प बसले. अगदी हेच होतं.

पाचवा_मजला

माझं मत जरा उलटं आहे. मला तर कोणी "तुला जमणार नाही" म्हटलं की अंगात संचारतं. दाखवतोच म्हणून उठतो. वापरा की तो राग!

अक्कलखाते

@पाचवा_मजला, ही प्रतिक्रियाही अभ्यासलेली आहे. मानसशास्त्रज्ञ जॅक ब्रेहम यांनी १९६६ मध्ये तिचा सिद्धांत मांडला: आपलं निवडीचं स्वातंत्र्य कोणी आवळतंय असं वाटलं की माणूस मुद्दाम तेच करायला धावतो. पण तिचा तोटा तुम्ही स्वतःच तपासा. रागाला समोर माणूस लागतो. दीर आपल्या घरी गेले, महिनाभर भेटलेच नाहीत, तर पहाटे साडेपाचला उठवणार कोण?

पाचवा_मजला

हं. खरं सांगायचं तर रागाच्या भरात मी गिटार घेतली होती. सध्या ती कपाटावर आहे.

उशिरा_उठणारा

कपाटावर गिटार संघटनेत स्वागत. मी संस्थापक सदस्य.

हत्ती_उंट_प्यादं

या धाग्यावर सगळे एकाच बाजूने बोलताहेत म्हणून लिहितोय. लांबेल.

मी विशीत बुद्धिबळाच्या मागे होतो. ध्येय फिडे मास्टर, म्हणजे बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेचा एक किताब. त्याला २३०० रेटिंग लागतं. मी १९५०च्या आसपास पोचलो आणि पाच वर्षं तिथेच घोटाळलो. घरचे म्हणत, सोड. मित्र म्हणत, सोड. मी एक छान युक्ती काढली होती: विरोधात बोलणाऱ्या सगळ्यांना मनातल्या एकाच कप्प्यात टाकायचं. कप्प्याचं नाव, "खच्चीकरण करणारे".

त्या कप्प्यात माझे प्रशिक्षकही गेले. ते काय म्हणाले होते? "तुझी ओपनिंग्ज पाठ आहेत, डावपेचही बरे दिसतात. पण तू एंडगेमला बसतच नाहीस. असा तू २१०० पण होणार नाहीस." (ओपनिंग म्हणजे डावाची सुरुवात, एंडगेम म्हणजे पटावर मोजकीच मोहरी उरल्यावरचा शेवट.) मी ऐकलं फक्त शेवटचं वाक्य. चार दिवस जळफळलो, मग नव्या जिद्दीने ओपनिंग्जची आणखी दोन पुस्तकं घेतली.

पुढे एका स्पर्धेत शेवटच्या फेरीत पटावर दोन राजे, दोन हत्ती आणि समोरच्याचं एक प्यादं उरलं. ती बरोबरीची स्थिती होती. बचावाची पद्धत शेकडो वर्षं जुनी, फिलिडोरच्या नावाने ओळखली जाते. आपला राजा प्याद्याच्या वाटेत ठेवायचा आणि हत्तीने तिसरी आडवी पट्टी अडवून धरायची, म्हणजे समोरच्या राजाला आत शिरता येत नाही. मग त्याने प्यादं त्या पट्टीवर ढकललं की आपला हत्ती सरळ त्याच्या मागे, पार पटाच्या टोकाला न्यायचा आणि तिथून शह देत बसायचं. नवशिक्यांच्या पुस्तकातही असतं. मला माहीत नव्हतं. मी हत्ती अगदी पहिल्याच पट्टीवर आणून राजाच्या शेजारी बसवला, आणि हरलो. घरी येताना डोळ्यांसमोर फक्त प्रशिक्षकांचा चेहरा होता.

सांगायचं ते हे. घरचे "सोड" म्हणाले त्यात माझ्या खेळाबद्दल अवाक्षर नव्हतं. त्यांना माझ्या भविष्याची भीती वाटत होती, बस. प्रशिक्षक बोलले ते माझ्या खेळाबद्दल होतं. ऐकायला दोन्ही सारखंच कडू लागलं म्हणून मी दोन्ही एकाच डब्यात भरलं. आता कोणी काही बोललं की मी एवढंच बघतो: या वाक्यातून उद्या सकाळी वेगळं करण्यासारखं काही निघतं का? निघत असेल तर माणूस कितीही तुसडा असो, मी ते लिहून घेतो.

तुमच्या दिरांच्या "पोरीची का?" मधून उद्या सकाळी करण्यासारखं काय निघतं? काहीच नाही. मग ते मोकळं हसू समजा.

दुसरी पाळी

@हत्ती_उंट_प्यादं, मग पुढे खेळ सोडलात का?

हत्ती_उंट_प्यादं

स्पर्धा सोडल्या. पण ते लोकांनी सांगितलं म्हणून नाही. त्या पराभवानंतर वहीत लिहिलं होतं: एक वर्ष रोज एक तास फक्त एंडगेम, आणि तरीही वर्षअखेर २०५० नाही झालं तर थांबायचं. २०२० झालं. थांबलो. हे लिहिताना आजही थोडं दुखतं, पण कोणी हाकललं असं वाटत नाही. आणि हो, हत्तीचे एंडगेम आता झोपेतही खेळतो.

वाटाड्या

पण हाच तर निराशावाद झाला ना? जगात ज्यांनी ज्यांनी काही केलं ते सगळे "थांब" सांगणाऱ्यांना न जुमानताच पुढे गेले. कोविडच्या लसीमागच्या शास्त्रज्ञ कातालिन कारिको यांचंच बघा. विद्यापीठाने १९९५ मध्ये पदावनती केली, संशोधनाला पैसे मिळेनात, आणि २०२३ मध्ये नोबेल!

हत्ती_उंट_प्यादं

ज्यांना नोबेल मिळालं त्यांचीच गोष्ट आपल्यापर्यंत येते. तितक्याच हट्टाने चुकीच्या कल्पनेमागे गेलेल्यांची यादी कोण ठेवतं? हट्ट दोघांकडेही होताच.

अक्कलखाते

दोघांचंही बरोबर आहे. पण कारिकोंच्या गोष्टीतला मधला तुकडा राहून जातोय. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात झेरॉक्स मशीनपाशी त्यांची ड्रू वाइसमन यांच्याशी गाठ पडली. दोघांनाही लेखांच्या प्रती काढायच्या असत. कारिकोंना आरएनए (पेशीला प्रथिनं बनवायची सूचना पोचवणारा रेणू) बनवता येत होतं, वाइसमनना लस बनवायची होती. तिथून पुढे दोघं मिळून काम करत राहिले. बाहेरून आत आलेलं आरएनए शरीराला खुपू नये यासाठी त्यातला एक घटक बदलायचा, हा त्यांचा शोध २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हाही फार कोणी लक्ष दिलं नाही. लसी आल्या त्यानंतर पंधरा वर्षांनी, आणि नोबेल दोघांना मिळून मिळालं. अ‍ॅशच्या खोलीतला तो दुसरा माणूस आठवतोय का? झेरॉक्सपाशी उभा होता.

त्रिज्या

गोष्टी निघाल्याच आहेत तर माझ्या आवडीची एक. वाटाड्या, यात नोबेल आहे, पण जरा वेगळ्या वाटेने.

११ जानेवारी १९३५. लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत २४ वर्षांचे खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर आपलं गणित मांडतात: श्वेतबटू ताऱ्याच्या (इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला दाट गाभा) वस्तुमानाला मर्यादा आहे, सूर्याच्या साधारण १.४ पट, त्यापलीकडे तो तारा श्वेतबटू म्हणून टिकूच शकत नाही. लगेच पाठोपाठ एडिंग्टन उभे राहतात, त्या काळातलं या विषयातलं सगळ्यात मोठं नाव, आणि भर सभेत त्याची टर उडवतात. सभा हसते. गंमत म्हणजे याच एडिंग्टनकडे चंद्रशेखर महिनोन्महिने आपलं काम दाखवत होते. आणि बड्या भौतिकशास्त्रज्ञांना विचारलं तर खाजगीत ते सांगत, तुझंच बरोबर आहे. जाहीरपणे बोलायला पुढे कोणी येईना.

मग चंद्रशेखरांनी काय केलं? काही वर्षं प्रयत्न केला, १९३९ मध्ये सगळं नीट एका ग्रंथात मांडून ठेवलं आणि विषयच बदलला. भांडत बसले नाहीत, गणित मागेही घेतलं नाही. पुढे एकेका विषयाला काही वर्षं द्यायची, त्यावर ग्रंथ लिहायचा आणि पुढच्या विषयाकडे वळायचं, अशीच त्यांची कामाची पद्धत झाली. एडिंग्टनशी संबंध तोडले नाहीत. एडिंग्टन १९४४ मध्ये वारले तेव्हा चंद्रशेखर त्यांच्याबद्दल मोठ्या आदराने बोलले. नोबेल मिळालं १९८३ मध्ये.

मी हे विद्यार्थ्यांना सांगते तेव्हा कोणीतरी हमखास विचारतं, "म्हणजे ते हरले का?" मी त्यावर उत्तर देत नाही. तुम्हीच ठरवा.

पाचवा_मजला

भर सभेत हसणं म्हणजे रविवारचं टेबलच की. फक्त जरा मोठं.

नवी_पाटी

फार दिवसांनी चांगला धागा. एक शंका. मी उलट करते, ध्येय सगळ्यांना सांगून टाकते, म्हणजे मग लाजेखातर तरी करावं लागेल. हे चूक आहे का?

अक्कलखाते

चूक म्हणणार नाही, पण जपून. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये काही प्रयोग छापले. "मला अमुक व्हायचंय" असं ज्यांनी मनातच ठेवलं आणि ज्यांच्या त्या इच्छेची दुसऱ्या कोणी दखल घेतली, अशा दोन गटांत ज्यांची दखल घेतली गेली त्यांनी प्रत्यक्ष काम कमी केलं. कोणी मान डोलावली की आपण थोडे तसे झालोच असं मनाला वाटतं, असा त्यांचा अर्थ. म्हणजे टोमणा राहू द्या, "वा वा, गणितज्ञ होणार!" हेही तितकंच महागात पडू शकतं. प्रयोग छोटे आहेत, दगडावरची रेघ समजू नका. पण मी तेव्हापासून "करणार आहे" सांगणं बंद केलं, "केलं" तेवढं सांगतो. त्यामुळे मी फारच कमी बोलायला लागलो, घरचे खूश आहेत.

याच गोलविट्झरांची दुसरी गोष्ट जास्त भक्कम आहे, आणि निळी शाई यांनी मागितलेली "कृती" बहुधा तीच. "मी लक्ष विचलित होऊ देणार नाही" असा निश्चय करण्याऐवजी जर-तर असं वाक्य बनवायचं. जर अमुक झालं, तर मी तमुक करीन. २००६ मध्ये त्यांनी पास्कल शीरान यांच्यासोबत ९४ चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासले, त्यात असं वाक्य बनवणाऱ्यांचं ध्येयाकडे जाणं चांगलंच सुधारलेलं दिसलं. युक्ती अशी की त्या क्षणी विचार करावा लागत नाही. टोमणा बसतो तेव्हा विचार करायची शक्तीच कमी झालेली असते.

निळी शाई

म्हणजे असं? "जर पहाटे बसल्यावर रविवारचं हसणं आठवलं, तर आदल्या दिवशीचं सुटलेलं एक उदाहरण पुन्हा कोऱ्या पानावर सोडवीन."

अक्कलखाते

उत्तम. मला सुचलं नसतं.

दुसरी पाळी

आणि दुसरं: "जर बेल वाजली, तर वही आहे तशीच राहील." हे जास्त अवघड जाईल बघ.

वाटाड्या

हत्ती आणि कुत्र्यांचं मागे घेतो. बाकी वाचनखूण साठवली आहे.

निळी शाई (सहा आठवड्यांनंतर)

धागा वर काढतेय, माफ करा.

पहाटेचं बसणं परत सुरू झालं. पहिल्या आठवड्यात तेच जुनं उदाहरण चार वेळा कोऱ्या पानावर सोडवलं, म्हणजे हसणं चार वेळा आठवलं. गेल्या आठवड्यात एकदाच.

आईला दुसरी पाळी यांच्यासारखं सांगून बघितलं, महिन्यातून एकदा विचार म्हणून. ती म्हणाली, "मी कुठे काय विचारते?" आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दगदगीचं बोललीच. ते काही जमलं नाही.

मागच्या रविवारी परत सगळे आले. बेल वाजली तेव्हा हात वहीकडे गेला होता, खोटं कशाला बोलू. पण राहू दिली. दिरांनी विचारलं, "अजून चालू आहे का?" मी "हो" म्हटलं आणि पुढे काही बोलले नाही. मग त्यांनीही काही विचारलं नाही. त्यांची मुलगी मात्र वही घेऊन बराच वेळ बघत बसली होती.

बरं, आता खरं काम. त्रिज्याताई, तुम्ही म्हणाला होतात म्हणून टाकतेय. ई रेज टू एक्स गुणिले कॉस एक्स, याचं इंटिग्रेशन. बाय पार्ट्स एकदा केलं, साइन आला. पुन्हा केलं तर परत ई रेज टू एक्स, कॉस एक्स! दीड पान लिहून जिथून निघाले तिथेच परत. तीन पहाटे यातच गेल्या. काय चुकतंय?

त्रिज्या

दुसऱ्या वेळी दोघांची अदलाबदल तर केली नाहीत ना? पहिल्या वेळी ज्याचं इंटिग्रेशन केलंत त्याचंच दुसऱ्या वेळीही करायचं, नाहीतर शून्य बरोबर शून्य येतं आणि सगळी मेहनत वाया.

निळी शाई

नाही, अदलाबदल केलेली नाही. दोन्ही वेळी ई रेज टू एक्सचंच केलं. शेवटी उजवीकडे तेच मूळ इंटिग्रेशन आलंय, वजा चिन्हासकट.

त्रिज्या

मग चुकलं कुठे? ते वजावालं उचला आणि बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे न्या. तिथे एक आधीच आहे, आता दोन होतील. दोनाने भागा. पहिल्या पहाटेच सुटलं होतं हो.

निळी शाई

अगं बाई.